मुठीतली नावं

गाडगं उचललं आणि शकुबाईंना कळलं, की घरात काहीतरी बिनसलंय.

चुलीमागच्या फळीवर तोंडाला फडकं बांधून ते गाडगं बसलेलं असे. रोज पहाटे दळायला कणगीतून जोंधळे काढले, की पहिली मूठ त्या गाडग्यात जाई आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडगं येशूच्या देवळात. उद्या तो रविवार होता, शिवाय सुगीचा सण. सगळी मंडळी आपापली गाडगी घेऊन येणार. एव्हाना ते दोन हातांनी उतरवावं लागायला हवं होतं. शकुबाईंनी एका हातानं उतरवलं, फडकं सोडलं आणि आत डोकावून पाहिलं. तळाला जेमतेम आठवडाभराच्या मुठी होत्या.

खरं तर शकुबाई या मंडळीतल्या नव्हेत. त्यांचा धाकटा भाऊ भीमण्णा मिशनच्या शाळेत मास्तर झाला, येशूचा झाला. शकुबाई मात्र मैलारच्या मल्लण्णाच्या त्या मल्लण्णाच्याच राहिल्या. नवरा गेल्यावर भावाच्या घरी आल्या, त्याला तीस वर्षं झाली. कपाळाला भंडारा लावून त्या देवळात मागच्या रांगेत बसत आणि पाळकांचं लांबलं की ऐकू जाईल अशी जांभई देत. देव वेगळा असला तरी चूल एकच आहे की, एवढं त्यांचं साधं शास्त्र. पण मुठीचा हा नेम त्यांना मनापासून आवडे, कारण भीमण्णांनी त्याला एक अट घालून ठेवली होती. मूठ टाकताना नाव घ्यायचं, आणि ते परक्याचं. घरचं नाव मुठीत घ्यायचं नाही. "घरच्यांपायी आपण देवाला उठताबसता छळतोच की," भीमण्णा म्हणायचे, "मूठ त्याची, जो आपल्या दारात कधी येणार न्हाई." ही तऱ्हा शकुबाईंनी जगात दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती, आणि भावाचा त्यांना त्यासाठी अभिमान होता.

गेली तीन वर्षं त्यांच्या भावजयीच्या, चंद्रभागाबाईंच्या मुठीतली नावं आफ्रिकेतली होती. बिदरच्या मिशन दवाखान्यातल्या हरियट मिसबाई केनियाला बदलून गेल्या, तिथून ही नावं पत्रातून आली. एलिया नावाचा एक शाळामास्तर. गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध तिथले लोक उठले, तेव्हा बंडवाले त्याच्याकडे आले, आमची शपथ घे म्हणाले. तो नाही म्हणाला, मी येशूला शब्द दिलाय. मग सरकारचे शिपाई आले, बंडवाल्यांची नावं सांग म्हणाले. तो त्यांनाही नाही म्हणाला. एके दिवशी बंडवाल्यांनी शाळेच्या दारातच त्याला तोडलं. मागं राहिली त्याची बायको वंजिरू, दोन लेकरं आणि एक छोटा दवाखाना. मिसबाई महिन्यातून दोनदा तिथं जात, बाकीचे दिवस वंजिरू एकटी मलमपट्टी करी, बाळंतपणं करी, आणि ज्यांनी नवऱ्याला मारलं त्यांच्या बायकांचीही करी. ते पत्र वाचलं त्या दिवशी चंद्रभागाबाई जेवल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे मूठ आणि नावं: एलियाची वंजिरू, तिची दोन लेकरं, मिसबाई, तिथले सगळे विश्वासी. आणि शेवटी एक मागणं: देवा, त्या बाईला कुणाचे तरी हात दे.

"चंद्रभागा!" शकुबाईंनी हाक मारली. "हिकडं ये. मूठ टाकायची सोडलीस व्हय?"

चंद्रभागाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडग्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"व्हय."

"कवापास्नं?"

"ते पत्र आलं तवापास्नं."

ते पत्र. तीन आठवड्यांपूर्वी आलेलं. वंजिरूच्या दवाखान्यासाठी शिकलेली नर्स हवी आहे, पाच वर्षांसाठी, आणि हरियट मिसबाईंच्या डोळ्यांपुढं एकच नाव आहे. सुशीला. चंद्रभागाबाईंची एकुलती लेक, मिसबाईंच्याच हाताखाली नर्स झालेली.

"अक्का, तीन वर्षं मी रोज हात मागितले," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "त्यानं दिले. माझ्याच पोरीचे दिले. आता मूठ भरून कोणत्या तोंडानं मागू? पुन्हा तेच मागितलं तर सुशी जायली. न्हाई मागितलं तर मूठ कशाची? म्हणून मी हातच आवरला."

शकुबाईंच्या ओठांवर आलं होतं, की काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण त्यांनी ते गिळलं. सुशीलेला न्हाऊमाखू घातलं ते या हातांनी.

"बरं केलीस," त्या म्हणाल्या. "पोर काय जोंधळा हाय व्हय, मूठभर काढून द्यायला?"

चंद्रभागाबाई म्हशीला पाणी दाखवायला गेल्या. शकुबाई मात्र गाडग्यापाशी घुटमळल्या. उद्या देवळात सगळ्यांपुढं भीमण्णा मास्तराच्या घरचं गाडगं रिकामं जाणार! त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कणगीत सूप घातलं आणि भराभर जोंधळे गाडग्यात ओतले. वर फडकं घट्ट बांधलं. "मल्लण्णा, तू काय बघितला न्हाईस," असं वर पुटपुटून त्या चुलीकडं वळल्या.

*

चंद्रभागाबाईंचा थोरला श्रीमंत आणि सुशीला उन्हं कलल्यावर आली. तो हुमनाबादहून, ती बिदरहून. दोघं दुबलगुंडीच्या फाट्यावर भेटली आणि तिथून कोसभर चालत आली. चालताना दोघं भांडली असणार, हे शकुबाईंनी पाय धुवायला पाणी देतानाच ओळखलं. श्रीमंतानं पाय धुतले ते चपलांवर राग काढल्यासारखे.

सोमवारी मिसबाईंना उत्तर जायचं होतं. होय तर होय, नाही तर नाही. पाळक बंडेप्पांनाही बोलावलं होतं. ते आले, मोठी थोरली प्रार्थना केली, चहा घेतला.

श्रीमंतानंच सुरुवात केली. "मी सरळ सांगतो. ती जमीन तिथल्या लोकांची हाय. गोऱ्यांनी घेतली, म्हणून ते उठले. आपण निजामावर उठलो, ते काय येगळं व्हतं? आन आमची सुशी तिथं जाऊन गोऱ्यांच्या बाजूनं उभी राहणार?"

"अण्णा, मी मलमपट्टीला जायचं म्हणतेय," सुशीला म्हणाली. "येणाऱ्याचं हाड मोडलं असलं तर मी त्याला तुझा पक्ष कोणता म्हणून इचारू?"

"त्या एलियाला इचारलं न्हाई व्हय त्यांनी?"

"इचारलं. दोघांनीबी इचारलं. त्यानं दोघांनाबी सांगितलं न्हाई." सुशीलेचा आवाज चढला. "आपल्या अप्पांनी काय केलं व्हतं रे?"

झालं. ज्याचं नाव आज कुणी काढायचं नव्हतं, तेच निघालं.

रझाकारांच्या दिवसांत भीमण्णांनी एका वाण्याचं अख्खं कुटुंब शाळेच्या खोलीत लपवलं होतं. मग पोलीस ॲक्शन झाली, वारं फिरलं, आणि त्याच खोलीत विणकरांची मुसलमान बायकापोरं येऊन बसली. दोन्ही वेळा बाहेरगावचे लोक चालून आले, दोन्ही वेळा भीमण्णा त्याच दारात उभे राहिले. पहिल्या वेळी शिव्यांवर भागलं. दुसऱ्या वेळी डोक्यात काठी बसली. जखम भरली, पण माणूस काही भरून आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेले. खोलीतलं एकही माणूस मात्र दगावलं नाही. आजही त्या विणकरांच्या घरून दर वर्षी एक लुगडं येतं, आणि चंद्रभागाबाई ते सणालाच नेसतात.

"अप्पा दारात उभे व्हते तवा मी सरहद्दीवरच्या कॅम्पात व्हतो," श्रीमंत हळू आवाजात म्हणाला. "देश सोडवायलोय म्हणून मोठ्या तोऱ्यात. घरी असतो तर काठी माझ्या डोक्यात बसली असती. मी एकदा न्हवतो, आत्या. पुन्हा न्हाई."

शकुबाईंना भडभडून आलं. हा पोरगा आठ वर्षं हे असं पोटात घेऊन फिरतोय आणि आपण समजत होतो, त्याला फक्त सभेतलं बोलणं येतं! त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि एकदम त्याच्या बाजूनं उठल्या.

"श्रीमंत बरोबर बोलायलाय. या घरानं एक माणूस दारात दिलं. बास झालं. पाळकसाहेब, तुमच्या देवाला म्हणावं, दुसऱ्या घरी बघ."

बंडेप्पा गोंधळले. भले गृहस्थ, पण शकुबाईंपुढं त्यांचं पुस्तकातलं सगळं पळून जाई. "शकुअक्का, बोलावणं कुणाला येईल ते आपल्या हातात न्हाई," एवढं कसंबसं म्हणाले. "चंद्रभागाबाईंनीच सांगावं."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. चंद्रभागाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे ठेवून.

"माझ्यात आता ताकद न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढंच हाय. मला लाज वाटायली, पण एवढंच हाय."

"मग अव्वा, मी जाणार न्हाई," सुशीला लगेच म्हणाली. "तू रडून पाठवलीस तर माझा हात तिथं चालणार न्हाई." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. श्रीमंतानं सुटल्यासारखा श्वास सोडला. शकुबाई चहाची भांडी गोळा करायला उठल्या. संपलं होतं सगळं.

"पण मंगळवारी आणखी एक पत्र आलंय," सुशीला म्हणाली. "ते वाचायला पाहिजे. न्हाई वाचलं तर मी चोर ठरते."

तिनं पिशवीतून पातळ निळा कागद काढला. मिसबाईंचं मराठी बिदरमध्ये शिकलेलं, अक्षर पोराच्या पाटीवरचं असावं तसं मोठं आणि गोल. सुशीला वाचू लागली.

"प्रिय सुशीला. मी एक काम तुला न विचारता केलं, त्याची क्षमा कर. मी वंजिरूला सांगितलं, की हिंदुस्थानातून कदाचित नर्स येईल, आणि ती चंद्रभागाबाईंची मुलगी आहे. वंजिरू दाणे निवडत होती. तिने टोपली खाली ठेवली. ती मला रागावली. तीन वर्षांत ती मला कधी रागावली नव्हती. ती म्हणाली, 'ती बाई माझ्यासारखी विधवा आहे ना? तिचाही नवरा शाळेच्या दारात गेला ना? मग तिच्या घरातून अजून किती मागाल? माझ्या नवऱ्याला पुरलं, त्यानंतर वर्षभर माझ्या उंबऱ्याला शेजारी शिवले नाहीत. काही बंडवाल्यांच्या भीतीने, काही सरकारच्या भीतीने. त्या वर्षी तुम्ही मला सांगितलं, की समुद्रापलीकडे एक बाई रोज सकाळी धान्याची मूठ घेऊन माझं नाव घेते. मी त्यावर उठत होते. मला तेवढं पुरे. तिची मुलगी तिच्यापाशी राहू द्या. मी एकटी करते आहे, पुढेही करीन.' सुशीला, हे तुझ्या आईला वाचून दाखव. हेही सांग, की वंजिरू रोज संध्याकाळी तुझ्या आईसाठी प्रार्थना करते. 'माझी दूरची बहीण' म्हणते. तिच्या मुलांना वाटतं, चंद्रभागा त्यांची खरी मावशी आहे."

सुशीलेनं कागदाची घडी घातली.

श्रीमंत जमिनीकडे बघत होता. बंडेप्पांनी चष्मा काढला. शकुबाई भांडी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांनी आजवर ज्या ज्या देवांना नवस बोलले, त्यांना काही ना काही मागितलं होतं. आणि ही कोण कुठली काळी परकी बाई, ना नात्याची ना गोत्याची, हातात आलेला मदतीचा हात परत करायली, का, तर इथल्या एका आईला त्रास होऊ नये म्हणून! शकुबाईंना त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. असल्या माणसासाठी मूठ टाकत होतो आपण. नव्हे, चंद्रभागा टाकत होती. आपण दुपारी नुसते जोंधळे ओतले.

"झालं तर मग," श्रीमंत म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. "तीच नको म्हणायली."

"व्हय," सुशीला म्हणाली. "म्हणूनच वाचलं."

चंद्रभागाबाई उठल्या, म्हशीची धार काढली, भाकरी थापल्या. जेवताना, ताटात आमटी वाढता वाढता, त्यांनी मध्येच विचारलं, "तिथं थंडी असतीया का गं?"

सुशीलेचा घास हातातच राहिला. "डोंगर हाय अव्वा. असतीया म्हणतात."

"आन खातात काय?"

"मक्याचं घट्ट पिठलं. जोंधळाबी पिकतो थोडा."

"जोंधळा पिकतो?" चंद्रभागाबाईंनी मान हलवली, जणू कुणी सोयरिकीची बातमी सांगितली होती. शकुबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच तोंड मिटून जेवण केलं.

*

पहाटे जात्यापाशी शकुबाई येऊन बसल्या, तेव्हा चंद्रभागाबाई आधीच उठल्या होत्या. चिमणी लावलेली, पुढ्यात गाडगं, फडकं सुटलेलं. अंगावर विणकरांकडून आलेलं लुगडं. 

"अक्का, हे कुणी भरलं?"

"भरलं म्हणजे... उंदरांनी न्हाई भरलं," शकुबाई म्हणाल्या. मग त्यांचाच आवाज पडला. "रिकामं गाडगं देवळात जाणार म्हणून जीव राहिला न्हाई गं. भीमण्णाचं गाडगं ते."

"नावं घेतलात?"

"कशाची नावं! मी आपले सूपभर ओतले."

चंद्रभागाबाईंना हसू आलं. तीन आठवड्यांनी त्या चेहऱ्यावर हसू दिसलं. "मग हे नुसते जोंधळे झाले, अक्का. माझ्या आठ दिसांच्या मुठीबी त्यातच मिसळल्या, आता त्या तरी कशा निवडू?" असं म्हणून त्यांनी गाडगं उचललं आणि सगळेच्या सगळे जोंधळे परत कणगीत ओतले.

मग मांडी घालून बसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एक मूठ भरायची, नाव घ्यायचं, मूठ सोडायची. वंजिरू. वंजिरूचा थोरला. वंजिरूची धाकटी. हरियट मिसबाई. मुडदूस झालेल्या लेकरांच्या आया. देवळात न येता घरीच लपून प्रार्थना करणारे विश्वासी. छावणीत तारेच्या आत डांबलेली माणसं, त्यांची नावं ठाऊक नव्हती, तर "तारेतले" म्हणून. पुन्हा वंजिरू. एके ठिकाणी हात अडला, तशा थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "एलियाला मारणारे." ती मूठ बाकीच्यांपेक्षा लहान नव्हती, हे शकुबाईंनी नीट बघितलं. भावजयीला त्यांनी चाळीस वर्षं जवळून पाहिलं होतं, चिडवलं होतं, भांडून अबोला धरला होता. पण इतकी मोठी बाई आपल्याच चुलीपुढं वावरते, हे आज कळलं. त्यांनी हळूच जात्यावरचा हात काढला आणि घरघर होऊ दिली नाही.

श्रीमंत अंगणात जागा होता. खाकरला, पण आत आला नाही. सुशीला आडावरून घागर घेऊन आली ती उंबऱ्यावरच उभी राहिली.

महिन्याच्या अठ्ठावीस मुठी व्हायच्या होत्या. सत्तावीस झाल्या. अठ्ठाविसावी चंद्रभागाबाईंनी भरली आणि तशीच धरून बसल्या. दोन-चार दाणे बोटांच्या फटीतून निसटून खाली पडले. त्यांनी ते वेचले, पुन्हा मुठीत घेतले आणि डोळे मिटले.

"सुशीला," त्या म्हणाल्या.

शकुबाईंना वाटलं, बाई नेमानं थकली, चुकली.

"अगं चंद्रभागा, घरचं नाव मुठीत घेत नसतात."

"ठाव हाय मला, अक्का," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि मूठ उघडली.